चाक फिरतं, चित्र थांबतं

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेलं)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे, की आठवणी सांगायच्या नाहीत, त्या सांगायला बाकीचे बसलेत. त्यामुळे मी बोलणार आहे ते या टेबलावर स्टँडला लावलेल्या चाकाबद्दल. हे साध्या काळ्या सायकलचं अठ्ठावीस इंची पुढचं चाक आहे. त्यावर हबपासून रिमपर्यंत चार पट्ट्या बसवल्या आहेत. प्रत्येक पट्टीवर ३२, म्हणजे एकूण १२८ रंगीत एलईडी आहेत. चाक उभं असेल तर नुसत्या चार रेघा दिसतात. फिरवलं की पूर्ण वर्तुळात रंगीत चित्र उभं राहतं. हे कसं होतं आणि मुळात का केलं, एवढं सांगतो.

आधी 'का' ते सांगतो. आपल्याच वर्गातल्या एकाची मोगऱ्याची वाडी आहे. नाव घेऊ नको म्हणालाय, म्हणून घेत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसून आत्ता खाली बघतोय. वसईत फुलं करणाऱ्यांचा दिवस कधी सुरू होतो ते तुम्हाला माहीत आहे. पहाटेच्या गाडीने माल दादरला पोचला पाहिजे, म्हणजे अंधारातच सायकलला करंडी बांधून वसई रोड स्टेशन गाठायचं. दोन वर्षांपूर्वी असाच जाताना आडव्या गल्लीतून आलेल्या टेम्पोने त्याला बाजूने उडवलं. तीन महिने पाय प्लास्टरमध्ये होता. त्या सायकलला पुढे बॅटरी होती, मागे लाल रिफ्लेक्टर होता. टेम्पोवाला एकच वाक्य सारखं म्हणत होता, "दिसलाच नाही हो."

आपल्याला वाटतं, सगळेच असं म्हणतात. पण कागदावर चौक काढा, त्यात सायकल आणि टेम्पो काढा आणि बघा. पुढचा दिवा समोरच्यासाठी असतो, मागचा रिफ्लेक्टर मागच्यासाठी. बाजूने बघणाऱ्याला सायकल म्हणजे अंधारात चार नळ्या आणि दोन तारांची वर्तुळं. स्पोकमध्ये अडकवतात तो पिवळा रिफ्लेक्टर असतो, पण त्याला स्वतःचा प्रकाश नाही. हेडलाइटचा झोत त्याच्यावर पडला तरच तो चमकणार. आडव्या रस्त्यावरून येणाऱ्या गाडीचा झोत तिच्या स्वतःच्या समोर असतो. सायकल त्या झोतात शिरते तेव्हा ब्रेक मारायला अंतर उरलेलं नसतं. म्हणजे तो टेम्पोवाला बहुधा खरं बोलत होता. माणूस खरं बोलतोय आणि तरीही अपघात होतोय, तर ती वस्तू बदलायला हवी. बाजूने दिसण्यासाठी सायकलवर सर्वांत मोठी जागा कुठली? चाक. आणि ते फुकटात फिरतच असतं.

आता 'कसं'. दिवाळीत फुलबाजी हातात धरून गोल फिरवली की प्रकाशाचं कडं दिसतं, हे आपण सगळ्यांनी केलंय. कडं खरं नसतं, फुलबाजीचं टोक एका वेळी एकाच जागी असतं. आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. जळतं कोलीत फिरवल्यावर दिसणाऱ्या कड्याला संस्कृतात अलातचक्र म्हणतात आणि गौडपादांच्या माण्डूक्यकारिकेतल्या चौथ्या प्रकरणाचं नावच अलातशांती आहे. त्यांना त्यातून अद्वैत सांगायचं होतं, मला फक्त सायकल दाखवायची आहे.

विज्ञानाच्या पुस्तकात आपण याला दृष्टिसातत्य म्हणतो. समोरची वस्तू नाहीशी झाल्यावरही तिचा परिणाम दृष्टिपटलावर सुमारे १/१६ सेकंद टिकतो. गंमत म्हणजे या विषयावरचा एक सुरुवातीचा प्रसिद्ध निबंध चाकाबद्दलच आहे. उभ्या फटींच्या कुंपणाआडून जाणाऱ्या गाडीच्या चाकाचे आरे सरळ न दिसता वाकडे का दिसतात, हे पीटर मार्क रोजे या डॉक्टरने १८२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. इंग्रजीतला प्रसिद्ध समानार्थी शब्दसंग्रह याच रोजेचा. पुढे १८३२ मध्ये बेल्जियमच्या जोसेफ प्लॅटोने फिरत्या तबकडीवर हलणारी चित्रं दाखवली. आपल्या बाजूला, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९०च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ केले. आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला.

फाळक्यांच्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा. सर्वसाधारण रीत अशी, की हँडलच्या एका फेरीत आठ चित्रं आणि सेकंदाला दोन फेऱ्या, म्हणजे सेकंदाला सोळा चित्रं. हा 'सेकंदाला दोन फेऱ्या' आकडा लक्षात ठेवा, कारण सायकलचं चाकही जवळजवळ तेवढंच फिरतं. अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४.१७ मीटर. भागाकार करा, सेकंदाला १.९ फेऱ्या येतात.

एकच पट्टी लावली तर प्रत्येक जागी सेकंदाला दोनदा उजेड येईल. डोळा एवढा धरून ठेवत नाही, चित्र न दिसता फिरणारी काठी दिसेल. चार पट्ट्या लावल्या की आठवेळा, म्हणजे फाळक्यांच्या निम्मं. वेग ताशी २० झाला की दहावेळा. थोडं लुकलुकतं, पण अंधाराला सरावलेला डोळा प्रकाश जरा जास्त वेळ गोळा करतो, त्यामुळे चित्र नीट ओळखू येतं. आठ पट्ट्या लावल्या असत्या तर आणखी स्थिर दिसलं असतं, पण वजन दुप्पट, वीज दुप्पट आणि चढावर शिव्या दुप्पट.

आता दिवे. आपण शाळेत होतो तेव्हा प्रयोगशाळेत एलईडी होते ते लाल, हिरवे, पिवळे. लाल एलईडी निक होलोन्याकने १९६२ साली केला. उजळ निळा मात्र १९९३ मध्ये जपानच्या शुजी नाकामुरांनी बाजारात येण्याजोगा केला आणि निळ्याच्या कामासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. नोबेल का, तर लाल, हिरवा आणि निळा तिन्ही असले तरच बाकीचे रंग करता येतात. आज तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढ्या जागेत ते तिन्ही बसतात आणि लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, त्यांच्या पट्ट्या मीटरवर मिळतात. मी घेतली त्यात मीटरला १४४ दिवे आहेत, दोन दिव्यांत सुमारे सात मिलिमीटर. बत्तीस दिव्यांची पट्टी २२ सेंटिमीटर होते, हब आणि रिमच्या मध्ये बरोबर बसते.

पट्टी निवडताना दुकानात दोन जाती समोर येतात. स्वस्त ती डब्ल्यूएस२८१२, तिला माहिती एकाच तारेने जाते. थोडी महाग ती एपीए१०२, तिला दोन तारा लागतात. नुसती रोषणाई करायची असेल तर पहिली उत्तम, पण चाकाला ती चालत नाही, आणि का ते गणितातच दिसतं.

मी वर्तुळाचे १९२ भाग केले. चाक सेकंदाला १.९ फेऱ्या करतं, म्हणजे सेकंदाला साधारण ३६५ भाग; एका भागाला वेळ मिळतो २.७ मिलिसेकंद. तेवढ्यात सगळ्या १२८ दिव्यांना नवा रंग पोचला पाहिजे. पहिल्या जातीला एका दिव्यामागे ३० मायक्रोसेकंद लागतात. गुणिले १२८, म्हणजे ३.८ मिलिसेकंद. लोकल सुटल्यावर तिकीट हातात यावं तसं. शिवाय हे दिवे मंद दिसण्यासाठी फार वेगाने चालू-बंद होत असतात. जुन्या डब्ल्यूएस२८१२ मध्ये हा वेग सेकंदाला चारशेच्या आसपास, म्हणजे एका भागात जेमतेम एक उघडझाप. फिरत्या चाकावर रंगाऐवजी ठिपके दिसतात. दुसऱ्या जातीत ही उघडझाप सेकंदाला वीस हजारांच्या घरात असते आणि चारही पट्ट्यांची माहिती अर्ध्या मिलिसेकंदात पोचते. दोन तारांचे पैसे द्यायचे ते यासाठी.

१९२ च का, १८० का नाही? याला कारण सोपारा. आपल्या नालासोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले, तेव्हा या चाकावर पहिलं चित्र अशोकचक्राचंच यायला हवं होतं. त्याला २४ आरे. १९२ भागिले २४ बरोबर आठ, सगळे आरे सारखे येतात. १८० ला भागलं तर साडेसात येतात आणि आरे एकआड एक जाड-बारीक दिसतात. (इथे चाक फिरवून दाखवलं.) बघा, चाक गरगर फिरतंय आणि त्यातलं चक्र जागच्या जागी उभं आहे.

ते उभं राहतं ते एका लोहचुंबकामुळे. सायकलच्या चिमट्यावर एक छोटा चुंबक चिकटवला आहे आणि चाकावर हॉल सेन्सर आहे. एडविन हॉलने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर तो चालतो: चुंबकाजवळून गेला की इशारा देतो. दोन इशाऱ्यांमधला वेळ म्हणजे एक फेरी. त्याला १९२ ने भागलं की प्रत्येक भागाला किती वेळ द्यायचा ते कळतं. सायकल हळू झाली की पुढच्या फेरीपासून हिशेबही हळू होतो. जोरात ब्रेक मारला तर ती एक फेरी चित्र थोडं ताणतं, कारण हिशेब मागच्या फेरीवर बेतलेला असतो.

हा हिशेब करणारा मेंदू म्हणजे ईएसपी३२ नावाची, आगपेटीपेक्षा लहान पाटी. एका चित्राला १९२ गुणिले ३२ गुणिले ३ रंग, म्हणजे १८,४३२ बाइट लागतात. तिच्या स्मरणात अशी बरीच चित्रं मावतात. पण चित्र चौकोनी असतं आणि चाक गोल. प्रत्येक दिवा केंद्रापासून किती अंतरावर आणि किती अंशावर आहे, त्यावरून चौकोनी चित्रातला कुठला ठिपका उचलायचा ते काढावं लागतं. एका दिशेला अंतर गुणिले कोसाइन, दुसऱ्या दिशेला अंतर गुणिले साइन. बाई, दहावीत आम्ही तुम्हाला वर्षभर विचारायचो, "हे पुढे कुठे उपयोगी पडणार?" उत्तर या चाकात सेकंदाला ३६५ वेळा चालू आहे.

दोन गोष्टी डोळ्याने शिकवल्या. पहिली: आतले दिवे जास्त उजळ दिसतात. दिवे सगळे सारखेच, पण हबजवळचा दिवा सहा सेंटिमीटर त्रिज्येच्या लहान कड्यावर आपला प्रकाश पसरतो आणि बाहेरचा अठ्ठावीस सेंटिमीटरच्या मोठ्या कड्यावर. लोणी तेवढंच, भाकरी पावणेपाच पट मोठी. म्हणून आतल्या दिव्यांना त्याच प्रमाणात मंद ठेवलं आहे. दुसरी: डोळा प्रकाश सरळ मापत नाही. संगणकावरचा भगवा म्हणजे लाल पूर्ण, हिरवा ६० टक्के, निळा २० टक्के. तेच आकडे एलईडीला दिले तर फिकट पिवळं दिसतं. डोळ्याच्या स्वभावाप्रमाणे आकडे बदलले, तर हिरवा २८ टक्क्यांवर आणि निळा जेमतेम दोनवर येतो. तेव्हा कुठे झेंडा झेंड्यासारखा दिसतो.

राहिली वीज आणि वजन. सगळे १२८ दिवे पूर्ण पांढरे लावले तर साडेसात अँपिअरहून जास्त प्रवाह लागेल. एवढा घ्यायचाच नाही. चित्राचा बराच भाग काळा असतो आणि रात्री मंद उजेड पुरतो. सरासरी एक अँपिअर धरला तर लॅपटॉपच्या बॅटऱ्यांत असतात तसे दोन लिथियम सेल साधारण तीन तास चालतात. ते सेल हबला चिकटून बसवले आहेत, समोरासमोर. कारण ताशी २० च्या वेगाला केंद्रापासून दहा सेंटिमीटरवरची वस्तू आपल्या वजनाच्या अडीच पट जोराने बाहेर ओढली जाते, रिमजवळ तोच जोर साडेसात पट होतो. पट्टी स्पोकवर तिरकी बांधायची नाही, हेही महत्त्वाचं. आपल्या सायकलचे स्पोक हबच्या केंद्रातून निघत नाहीत, ते कडेला टेकून तिरके जातात. म्हणून पातळ ॲल्युमिनियमची पट्टी केंद्रातून सरळ घेऊन ती स्पोकना बांधली आणि सगळ्यावर सिलिकॉन ओतलं. समुद्र इथून किती लांब आहे ते घराच्या खिडक्यांच्या गजांवरून तुम्हाला माहीतच आहे.

सगळं जमल्यावर हे चाक घेऊन मी तिसऱ्या रांगेतल्या आपल्या मित्राच्या वाडीवर गेलो. रात्री बावखलाशेजारच्या रस्त्यावर फिरवून दाखवलं. पोरं जमली, टाळ्या झाल्या. मित्र बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "फार सुंदर आहे रे. पण मला जत्रा नको. चालवणाऱ्याला कळायला हवं की इथे चाक आहे. तो चित्र बघत बसला तर मी मेलो."

त्याच्या म्हणण्यात किती अर्थ आहे ते नीट विचार केल्यावर कळतं. अनोळखी उजेड बघितला की माणूस आधी 'हे काय आहे' याचा विचार करतो आणि त्यात जाणारे एक-दोन सेकंदच पादचाऱ्याचे, सायकलवाल्याचे असतात. रस्त्यावरच्या दिव्याचं काम कौतुक करून घेणं हे नाही. त्याने बघताक्षणी एकच शब्द सांगितला पाहिजे: सायकल.

म्हणून त्याच्यासाठी वेगळं चाक केलं. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही, चित्र नाही. चार पट्ट्यांच्या बाहेरच्या टोकांना, चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक, असे आठ साधे पिवळे एलईडी. चाक हललं की लागतात, थांबल्यावर थोड्या वेळाने विझतात. डावीकडून बघा, उजवीकडून बघा, रिमच्या मापाचं पिवळं कडं रस्त्यावरून घरंगळत जाताना दिसतं. आठ दिव्यांना १६० मिलिअँपिअर लागतात. एक सेल, रोजचा पाऊण तास, तर तीन आठवडे चार्ज करावं लागत नाही. हे बनवायला कॉलेजात जावं लागत नाही. नववीचा मुलगा किंवा मुलगी सोल्डरिंग शिकली की एका रविवारी होतं. आता त्याच्या शेजारच्या तीन वाड्यांतल्या सायकलींना ही कडी लागली आहेत, ती त्याच्या मुलीने केलेली आहेत.

मग रंगीत चाक वाया गेलं का? माझ्या मते नाही. साधं कसं करायचं ते त्यानेच शिकवलं. दृष्टिसातत्य, परीघ, साइन-कोसाइन, रंगांची बेरीज, केंद्रापासून दूर ओढणारा जोर, विजेचा हिशेब, हे पाच-सहा वेगवेगळे धडे एकाच वस्तूत असे गुंफलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत. पाठ्यपुस्तकात ते वेगवेगळ्या प्रकरणांत असतात आणि परीक्षा झाली की वेगवेगळेच विसरले जातात.

म्हणून शाळेला माझी विनंती आहे. हे रंगीत चाक स्टँडसह विज्ञान प्रयोगशाळेत ठेवून घ्या. काचेच्या कपाटात नको, मुलांचा हात पोचेल अशा जागी. बिघडलं तर बिघडू दे, दुरुस्त करायला मी वसईतच आहे. त्यासोबत एका वहीत सगळी मापं, जोडणीच्या आकृत्या आणि आकडेमोड मराठीत लिहून दिली आहे. आणि आपल्या बॅचने आजच्या जमलेल्या निधीतून थोडा भाग काढून साध्या पिवळ्या कड्यांचं सामान घ्यावं. दर वर्षी नववीच्या मुलांनी पन्नास कडी करावी आणि ती पहाटे अंधारात सायकलने निघणाऱ्यांना द्यावी: फुलवाले, भाजीवाले, पेपर टाकणारी मुलं, पहिल्या पाळीचे कामगार. शाळेपासून दोन किलोमीटरच्या परिघात अशी माणसं किती, ते मोजायचं कामही मुलांनाच द्यावं. तेही गणितच आहे.

आपल्यापैकी बरेच जण आता चारचाकीने आलेत. बाहेर गाड्या लावायला जागा नव्हती, त्यावरून मघाशी वादही झाला. म्हणजे यापुढे त्या चौकात आपण बहुतेक वेळा टेम्पोवाल्याच्या जागी असणार आहोत. पहाटे कधी निघालात आणि आडव्या गल्लीतून एक पिवळं कडं घरंगळत येताना दिसलं, तर पाय ब्रेकवर जाऊ द्या. त्याच्या करंडीत दादरला जाणारा मोगरा असेल.